मांडीवरचा तांब्या

ट्रक दारात येऊन थांबला तरी इंजिन लगेच बंद करायचं नाही, हे आमच्या घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. आधी थोडा वेळ नुसतं चालू द्यायचं, आवाज खाली येऊ द्यायचा, मग चावी फिरवायची. ही शिस्त आमचा ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी लावली. ते म्हणायचे, "धावत आलेल्या माणसाला दारातच आडवं करतात काय? बसू दे त्याला जरा."

ते स्वतःही तसेच होते. चहा पिऊन व्हायचा, बोलणं संपायचं, टोपी डोक्यावर चढायची, तरी उठायचे नाहीत. ओटीवर हाताची घडी घालून गप्प बसून राहायचे. मी लग्न होऊन पेणला आले तेव्हा मला वाटलं, पाहुण्यांचं काही मागायचं राहिलंय. म्हणून मी परत चहा पाठवला. तोही प्यायले आणि पुन्हा तसेच बसले. शेवटी माझे सासरे आत येऊन म्हणाले, "अगो, आता चहा नको पाठवू. तो थंड होतोय, झाला की जाईल." आणि खरंच थोड्या वेळानं ते उठले, दाराच्या चौकटीला बोटं लावून ती ओठांना लावली आणि गेले.

ती चौकटीची सवय त्यांच्या घरची. ते आमच्याकडच्या इस्रायलांपैकी, म्हणजे इथल्या जुन्या ज्यूंपैकी. बोलणं आमच्यासारखं, त्यांच्या आईचं लुगडंही आमच्या सासूबाईंसारखंच नेसलेलं, पण शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात लावायचे नाहीत. जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, कारण पूर्वी त्यांच्या घरी तेलाचे घाणे होते. मिस्त्री त्यावर म्हणायचे, "तेल आमचं अजून सुटलं नाय. खोबऱ्याचं होतं ते डिझेलचं झालं, एवढंच." त्यांच्या दाराच्या चौकटीला एक लहानशी डबी ठोकलेली होती, तिच्यात त्यांच्या धर्माचं वचन. येताजाता तिला हात लावायचा. पण त्यांचा हात एवढा सवयीचा झाला होता की डबी नसलेल्या आमच्या दारालाही लागायचा, आणि दुरुस्त करून दिलेल्या प्रत्येक ट्रकच्या दारालाही.

वडखळच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. अंगानं आडवे, मिशा पांढऱ्या, आणि कानावर केस एवढे की त्यातून ऐकू कसं येतं असं मला वाटायचं. पण त्यांचं सगळं काम कानावर चालायचं. लांब पान्हा इंजिनाला टेकवून त्याचं दुसरं टोक कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी शेडमध्ये कुणी शीळ घातली तर पान्हा फेकायला कमी करत नसत. कुणी मधे बोललं तर म्हणत, "थांब रे, तो बोलतोय."

मी फार बोलणारी नव्हे. चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळा लांब होती. बाहेरच्या पुरुषांसमोर तर माझी मान वर व्हायची नाही. मिस्त्री आमच्याकडे इतकी वर्षं येत होते, पण त्यांचे डोळे कसे आहेत ते मला सांगता आलं नसतं. पायातल्या चपला मात्र बरोबर सांगितल्या असत्या. एका चपलेचा अंगठा सायकलच्या ट्यूबचा होता. ते मला सूनबाई म्हणत, कारण सासऱ्यांचे दोस्त. मी त्यांना मामा म्हणायचे, तेही मनातल्या मनात जास्त. जिताडा आणला की त्यांची तुकडी मी वेगळी ठेवायची. खवले असलेला मासा त्यांना चालायचा, कोळंबी चालायची नाही. कोळंबीचं कालवण असलं की मी त्यांच्यासाठी वालाचं बिरडं करायची. मी न विचारता ते करते, हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, पण भांडं परत यायचं ते राखेनं घासून लख्ख करून.

सासरे गेल्यावर ट्रक ह्यांच्या हाती आला. ट्रक जुना. उन्हाळ्यात धरमतरच्या बाजूच्या मिठागरांतलं मीठ भरायचं आणि पावसात जोह्याचे गणपती. मिठावर डिझेल सुटायचं, घर चालायचं ते गणपतींवर. जोह्याला एक कारखानदार होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या मूर्ती दरवर्षी पुण्याला आमच्याच ट्रकमधून जायच्या. पण बोरघाट आला की ट्रक दमायचा. पहिल्या गिअरात रांगायचा, पाणी उकळायचं, मधे थांबून झाकण उघडायला लागायचं. पुण्याचे लोक तात्यांना विचारायचे, तुमचे गणपती चालत येतात काय. त्या सुमाराला कपाळावर 'टर्बो' लिहिलेल्या नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. त्या घाटात शिट्टी मारत आमच्या गाडीच्या पुढून जायच्या. एका वर्षी तात्यांनी अर्धा माल त्यांना दिला.

ह्यांना एका ओळखीच्या माणसानं सांगून ठेवलं होतं, ट्रक विकून टाक आणि गुजरातच्या लाइनवर माझ्या गाडीवर बस. आमच्या आळीतले दोघे तिकडे गेले होते. ते शिमग्याला दिसायचे आणि मग एकदम गणपतीला. त्यांच्या पोरांना बाप ओळखायला वेळ लागायचा. आमच्या मुली लहान होत्या. हे त्या माणसाला नाही म्हणत नव्हते. चुलीपुढे बसलं की माझ्या मनात दुसरं काही यायचं नाही.

मिस्त्रींनी ते ऐकलं आणि ह्यांना म्हणाले, "बापाचा ट्रक विकायचा नाय. माणूस चढावर दमला म्हणून कुणी माणूस विकतो काय? त्याची छाती बदलू."

टर्बो म्हणजे काय ते मला त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. माझी फुंकणी हातात घेतली आणि म्हणाले, चुलीत नुसती लाकडं कोंबलीस तर काय होतं? धूर. फुंकलीस की जाळ. डिझेल म्हणजे लाकूड. डिझेल कितीही ओता, वारा नसला तर काळा धूर निघतो आणि ताकद कुठे येत नाही. टर्बो ही फुंकणी. पण ती फुंकायला माणूस लागत नाही, इंजिनाचा वाया जाणारा धूरच तिचा पंखा फिरवतो, आणि तो पंखा ताजी हवा आत कोंबतो. मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांत माझ्या चुलीच्या धुराचा कुणी काही उपयोग सांगितला नव्हता.

रोह्याच्या पुढे रेल्वेचा नवा रस्ता खोदण्याचं काम चालायचं. तिथल्या मोडलेल्या यंत्रांचं सामान रोह्याच्या एका भंगारवाल्याकडे येऊन पडायचं. मिस्त्री आणि हे तिकडे गेले. भंगारवाल्यानं दोन टर्बो पुढे ठेवले. एक लहान, अपघात झालेल्या नव्या ट्रकचा. दुसरा मोठा, डोंगर फोडायच्या कामावरच्या डंपरचा. ह्यांचा जीव लहानावर होता, आपल्या इंजिनाएवढ्याच इंजिनावरचा म्हणून. मिस्त्रींनी तो हातातही घेतला नाही. म्हणाले, "ही वाटी हाय. आपल्याला परात पाहिजे." आणि तो मोठा मांडीवर घेऊन बसले.

पुढे किती तरी दिवस तो त्यांच्या घरी खुर्चीवर होता. त्यांच्या घरात खुर्ची ती एकच. टर्बो रोज रॉकेलनं धुवायचा, पंखा बोटानं फिरवायचा, तो किती वेळ फिरत राहतो ते बघायचं आणि बहिणीनं इस्रायलहून पाठवलेल्या लोकरीच्या शालीत गुंडाळून परत खुर्चीवर ठेवायचा. हे तिथं गेले की ह्यांना जमिनीवर बसायला लागायचं. एकदा ह्यांनी तो जरा बाजूला सरकवला तर मिस्त्री म्हणाले, "तिथं तो बसलाय, दिसत नाय?"

शेवटी तो ट्रकला बसला. धूर बाहेर जायच्या नळाचं तोंड कापून नवं केलं, तेलाची बारीक नळी ओढली, डिझेलचा पंप खोलून जास्त डिझेल सुटेल असा केला. मग धुराच्या नळीच्या तोंडाशी काठीला पांढरं फडकं बांधून ते बघत बसले. फडकं काळं झालं की पंपाचा स्क्रू थोडा मागे, धुऊन पुन्हा बांधायचं, पुन्हा बघायचं. माझी जुनी पांढरी चादर त्यात गेली.

तेव्हा वैशाख होता, मिठाचा हंगाम. मिठाच्या गोणी भरून ट्रक पुण्याकडे निघाला आणि मिस्त्री गोणींवर चढून बसले. हे सांगत होते, बोरघाटात ट्रक असा चढला की मागे बसलेले मिस्त्री ओरडून घाटातल्या माकडांना नमस्कार करत होते. शिट्टी तर अशी की शहारे यावेत. त्या संध्याकाळी ट्रक खोपोलीच्या रस्त्यानं येताना ती शिट्टी मी लांबून ऐकली आणि हातातलं पीठ तसंच टाकून ओटीवर आले. गुजरातच्या माणसाला ह्यांनी नाही सांगून टाकलं.

पण मीठ आणि गणपती सारखे नाहीत. ते आम्हाला श्रावणात कळलं.

पहिली खेप पुण्याला पोचली आणि पेंढा काढला तेव्हा मूर्ती एकमेकींवर रेललेल्या होत्या. कुणाचा कान गेला होता, कुणाची सोंड. डोळे आखून झालेल्या मूर्ती. आमच्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी करतात, आणि ती झाली की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. हे सांगत होते की तुटलेले गणपतीही तसेच बघत होते, ह्यांच्याकडेच. परत आल्यावर हे जोह्याला गेले. तात्या ओरडले नाहीत. ते म्हणाले, आणखी एकच खेप तुझ्या गाडीसाठी ठेवलीय, मोठ्या मूर्तींची, अगदी शेवटची. ती तुझ्या गाडीतून न्यायची की नाय ते तुझ्या मिस्त्रीनं मला सांगायचं. परत एक कान जरी तुटला, तर पुढल्या वर्षी माझ्या दारात गाडी आणू नको.

हे शेडवर गेले आणि म्हणाले, टर्बो झोपलेला असतो आणि मधेच जागा होऊन गाडी पुढे फेकतो. मिस्त्रींना ते सोसलं नाही. म्हणाले, "मिठाला फेकला नाय तो गणपतीला फेकेल? पाय सांभाळ. तुझ्या बापाचा पाय बघितलाय मी, लोण्यावर ठेवल्यासारखा असायचा." बापाचं नाव काढल्यावर हे उठून निघाले. घरी आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन ओटीवर बसले, पुन्हा तेच म्हणाले आणि थंड व्हायला न थांबता निघून गेले. असं पहिल्यांदाच झालं.

त्याच आठवड्यात मला माहेरी रोह्याला जायचं होतं. शेजारच्या म्हशीचा चीक मिळाला होता, तो आईला न्यायचा म्हणून मी तांब्या काठोकाठ भरून मांडीवर घेतला, वर पान बांधलं आणि ट्रकमध्ये ह्यांच्या शेजारी बसले. मागे रोह्याला टाकायच्या रिकाम्या टोपल्या होत्या, ओझं असं काही नव्हतं. वडखळ, नागोठणं गेलं. मग भिसे खिंडीचा चढ लागला. मी माझ्या सवयीनं खाली बघत होते. समोर माझा तांब्या, आणि पलीकडे ह्यांचा पाय. हे आधीच मिस्त्रींच्या बोलण्यानं दुखावलेले, त्यामुळे पाय अगदी जपून ठेवलेला. ट्रक संथ चढत होता. आणि मधेच मागून कुणी धक्का दिल्यासारखा तो पुढे उसळला. चीक पानावरून वाहून माझ्या लुगड्यावर आला. पाय मात्र जिथल्या तिथे होता.

परत येताना त्याच खिंडीत, दुसऱ्या बाजूनं चढताना, मी पुन्हा पायाकडे बघितलं. पुन्हा तसंच झालं.

मी ह्यांना काही म्हटलं नाही. ह्यांना ते माहीतच होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांगायला हवं होतं, आणि मी त्यांच्याशी धड वर बघून बोललेही नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांच्या जेवणाचा डबा घेऊन मी शेडवर गेले. आत दोघांचं तेच चाललं होतं. पाय, पाय. मी डबा फळीवर ठेवला. निघायला वळले आणि तशीच दाराकडे तोंड करून म्हणाले,

"मामा, यांचा पाय हालला नव्हता. मी बघत होते."

मागे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्रींच्या चपला माझ्या समोर आल्या. त्यांनी विचारलं, कुठं? मी खिंडीतली जागा सांगितली. मांडीवर काय होतं? तांब्या. किती भरलेला? काठोकाठ. कुठल्या बाजूला सांडला? माझ्याकडे, म्हणजे पोटाकडे.

ते मागे वळले. मग ह्यांना म्हणाले, "आपण दोघं वर धुराकडे बघत बसलो. ही खाली बघत होती म्हणून हिला दिसलं." एवढंच. माफी वगैरे त्यांच्यात नव्हती. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि त्याच दुपारी तो मोठा टर्बो खोलायला घेतला.

त्यांची चूक काय झाली ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मोठा पंखा फिरायला जास्त धूर लागतो. मिठाचं ओझं असलं की इंजिन सुरुवातीपासून जोर लावतं, धूर भरपूर, आणि पंखा हळूहळू जागा होतो. झालाच एकदम, तरी त्या ओझ्याला धक्का जाणवत नाही. गणपती जागा खूप खातात, पण वजन फार नाही. त्यात ड्रायव्हर जपून चालवतो. पंखा झोपून राहतो आणि चढावर मधेच उठतो, आणि हलक्या गाडीला उडवतो. "मी मीठ भरून बघितलं," ते म्हणाले. "मीठ काय, त्याला कान असतात?"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते शाल बगलेत मारून रोह्याला गेले. शालीत तो मोठा टर्बो होता. येताना शालीत लहान होता. भंगारवाल्यानं बदलून दिला. एवढ्या दिवसांच्या लाडानंतर तो तिथं ठेवताना त्यांना काय वाटलं ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. फक्त शाल मात्र परत आणली होती.

शुक्रवारी लहान टर्बो बसवायला घेतला. नळ पुन्हा कापायला लागला. तो बसला, पण पंपातून डिझेल अजून मोठ्याच्या हिशेबानं सुटत होतं. ट्रक सुरू केला तर काळा धूर. आणि तेवढ्यात ऊन उतरलं. मिस्त्रींनी पान्हा खाली ठेवला, नारळाच्या सोडणानं नखं घासली आणि घरी गेले.

शनिवारी सकाळी तात्या जोह्याहून आले. ट्रकचं तोंड उघडं, मिस्त्री जागेवर नाहीत. ते थेट त्यांच्या घरी गेले, हेही मागोमाग. मिस्त्री पांढरे कपडे घालून दारात बसलेले. त्यांनी तात्यांना आपली खुर्ची दिली. ती आता रिकामी होती. आदल्या दिवशी करून ठेवलेले गुळाचे पोहे पुढे केले, आणि तात्यांच्या मूर्तींच्या रंगांची चौकशी सुरू केली. पिवळा पितांबर यंदा चालतो की नाय, वगैरे. तात्या थोडा वेळ बोलले आणि मग म्हणाले, सोमवारी माल निघायला पाहिजे, माझ्या गणपतीसाठी एक शनिवार मोडा.

मिस्त्री म्हणाले, "तात्या, तुमचा गणपती वर्षातून एकदा येतो. कुणी त्याला सांगतो काय, चार दिवस उशिरा ये, माझं काम हाय? माझा दर आठवड्याला येतो. तो दारात बसलाय, त्याला उठवू काय?"

तात्यांनी पोहे खाल्ले. हे सांगत होते की तात्या नंतर हसले आणि परत जोह्याला गेले, पण जाताना म्हणाले की उद्या एक बिनरंगाची मूर्ती पाठवतो, तिच्यावर बघा. ती मोडली तरी चालेल, तिला अजून डोळे नाहीत.

रविवारी उजाडताच मिस्त्री आमच्या दारात हजर. हातात पितळेचा तांब्या, त्यांच्या आईचा. मला म्हणाले, "सूनबाई, लुगडं जुनं नेस. भिजायचं हाय."

अशी मी त्या ट्रकमध्ये बसले. मिस्त्री मागे हौद्यात, पेंढ्यावर, धुराकडे तोंड करून, आणि मांडीशी ती पांढरी, डोळे नसलेली मूर्ती धरून. बारीक पाऊस होता, त्यांनी डोक्यावर गोणपाट घेतलं होतं. नागोठण्याच्या पुढे थांबून तांब्या काठोकाठ भरला आणि खिंड चढायला लागलो. मागच्या जाळीतून आवाज यायचा, "सांडलं काय गो?"

पहिल्यांदा सांडलं. फेकलं नाही, पण सांडलं. मी तसं सांगितलं. माझ्या तोंडून किती मोठा आवाज निघाला त्याचं मलाच नवल वाटलं. ट्रक मागे उतरवला, मिस्त्रींनी पंपाचा स्क्रू फिरवला, तांब्या भरला, पुन्हा चढ. धूर कमी झाला पण गाडी धापा टाकायला लागली. पुन्हा मागे. हळूहळू मला कळायला लागलं की धक्का यायच्या आधी पाण्याला बारीक शिरशिरी येते. मी ती सांगू लागले. आता येतंय मामा. आता गेलं. हे चालवता चालवता माझ्याकडे बघून हसले. ते बऱ्याच दिवसांनी हसत होते. खिंडीत गुरं राखणारी एक बाई आमचं वर-खाली चाललेलं बघून विचारायला आली, काय हरवलंय काय तुमचं?

शेवटच्या वेळी ट्रक चढला तो मला कळलाच नाही. शिट्टी आली, तीही बारीक, लांबून कुणी हाक मारावी तशी. पाणी तांब्याच्या काठाला फुगून उभं होतं आणि तसंच राहिलं.

"सांडलं काय गो?"

"नाय मामा."

खिंडीच्या माथ्यावर ट्रक उभा केला. अर्थात इंजिन चालू ठेवून. मिस्त्री उतरून आले, तांब्या माझ्या हातातून घेतला आणि ते सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग दाराला बोटं लावून ओठांना लावली. म्हणाले, "वाटीच बरी. वाटीनं वाढलं की सांडत नाय."

सोमवारी जोह्याहून माल निघाला. तात्यांनी विचारलं, न्यायची काय? मिस्त्रींनी तोंडानं उत्तर दिलं नाही. तांब्या भरून घेतला आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. एवढा आडवा माणूस, बोरघाटभर दोन्ही हातांत तांब्या धरून बसला होता, नाक खाजलं तरी हात सोडला नाही, असं हे सांगायचे. पुण्याला पेंढा काढला. एक नख तुटलेलं नव्हतं. पुढल्या वर्षी तात्यांनी सगळा माल आमच्या ट्रकला दिला, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. माझ्या मुलींना बाप ओळखायला कधी वेळ लागला नाही.

मिस्त्रींनी नवस बोलला होता ते आम्हाला माहीत नव्हतं. गणपती झाल्यावर त्यांच्या घरी मलिदा झाला. पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि त्यांच्या प्रेषिताच्या नावानं गाणं. आम्हालाही बोलावलं होतं. तेव्हा मी बघितलं की म्हणणारी माणसं फार थोडी होती. मला त्यांनी सांगितलं होतं, त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एके काळी पेणमध्ये दहा सहज व्हायचे. मग एकेक घर इस्रायलला गेलं. नंतर नंतर शनिवारी ते रस्त्यावर उभे राहून बघायचे, रोह्याहून कुणी आलंय काय, अलिबागहून कुणी आलंय काय. नऊवर अडलं की तसेच परत यायचे. बहीण तिकडे बोलवायची तर म्हणायचे, "तिथं घाट हायत की नाय कोण जाणे." पण एका वर्षी नऊसुद्धा भरेनात.

त्यांनी शेड दुसऱ्याला दिली. जायचं ठरलं. आधी मुंबईला, तिथून विमानानं. मुंबईला जायला पेणहून सरळ रस्ता आहे, पण ते म्हणाले, मी रोह्याला जाऊन गाडीत बसणार. सगळे म्हणाले, उलट्या दिशेला कशाला? ते म्हणाले, "त्या बाजूला खिंड हाय."

त्यांची ट्रंक हौद्यात ठेवली. हे चालवत होते, मिस्त्री मधे, मी कडेला. तांब्या त्यांनीच भरून माझ्या मांडीवर दिला. खिंड आली आणि गेली. ते पाण्याकडे बघत नव्हते, बाहेर बघत होते. पाणी हललं नाही.

रोहा स्टेशनच्या आवारात ह्यांनी ट्रक उभा केला आणि इंजिन चालू ठेवलं. मिस्त्री उतरले नाहीत. आम्हीही नाही. इंजिनाचा आवाज हळूहळू खाली येत होता. शिट्टी तर केव्हाच थांबली होती. आवाज अगदी खाली आला तरी हे चावीला हात लावेनात. मग मिस्त्रीच म्हणाले, "झाला रे थंड. बंद कर आता."

ह्यांनी चावी फिरवली. इतकं शांत झालं की फलाटावरचं बोलणं ऐकू यायला लागलं. आणि माझ्या मांडीवर एकदम गार लागलं.

"सांडलं काय गो?" त्यांनी विचारलं.

मी मान वर केली. त्यांचे डोळे घारे होते.

"व्हय मामा," मी म्हणाले. "गाडीनं नाय."